टॉवरचं मोजमाप भिंतीवर लावा

प्रति,
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका
मा. आयुक्त, उल्हासनगर महानगरपालिका

विषय: मोबाईलच्या लहरी, मेंदू आणि विठ्ठलवाडीतली भीती



पत्र दोघांच्या नावे लिहिण्याचं कारण विठ्ठलवाडीच्या भूगोलात आहे. कल्याण सोडून कर्जतकडे निघालेल्या लोकलचं हे पहिलं स्थानक, आणि पुढचं उल्हासनगर. एका अंगाला कल्याण पूर्वेची वस्ती, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. गटार तुंबलं की ते कोणाच्या हद्दीत आहे यावर इथे वाद घालता येतो. मोबाईलच्या टॉवरबद्दल तेवढीही सोय नाही, कारण कल्याणच्या गच्चीवरच्या अँटेनाचा झोत उल्हासनगरच्या खिडकीतून आत येतो. एकाने ऐकून दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ उरू नये, म्हणून हे पत्र एकत्र.

मी विज्ञान शिकवते. वर्गात विद्युतचुंबकीय लहरींचा धडा सुरू झाला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोबाईलने ब्रेन ट्यूमर होतो का? हाच प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्ची टॉवरला भाड्याने द्यायचा विषय निघाला की येतो. भाड्याच्या पैशांत पाण्याची टाकी दुरुस्त होईल म्हणणारे एका बाजूला, घरात लहान मूल आहे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. या भांडणात कोणाहीजवळ एकसुद्धा मोजलेला आकडा नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. तो आकडा मिळवून देणं आपल्या हातात आहे, आणि माझी मागणी तेवढीच आहे. पण आधी विज्ञान काय म्हणतं ते सांगते, कारण मागणीचा आधार तिथे आहे.

मोबाईलच्या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा, अणूतून इलेक्ट्रॉन उखडायला लागते त्याच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. त्यामुळे क्ष-किरण जसे पेशीतले रासायनिक बंध थेट तोडू शकतात, तसं या लहरींना जमत नाही. त्या निश्चित करतात ती एक गोष्ट म्हणजे ऊतींना थोडी ऊब देणं. ही ऊब किती असू द्यायची यासाठी एसएआर नावाचं माप आहे: शरीराच्या एका किलोत किती वॅट शोषले जातात. आपल्या देशात 1 सप्टेंबर 2012 पासून हँडसेटसाठी ही मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोमागे 1.6 वॅट अशी ठरवली गेली. फोनवर *#07# दाबा, बहुतेक हँडसेट आपला आकडा दाखवतात. या मर्यादेत मेंदूचं तापमान जास्तीत जास्त एक-दोन दशांश अंश वाढेल, असा हिशेब आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या शरीराचं तापमान आपसूक याहून जास्त वरखाली होतं.

एवढ्यावर विषय संपला असता, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. उबेखेरीज आणखी काही घडतं का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गांभीर्याने घेतला आहे आणि काही उत्तरं विचारात पाडणारी आहेत. 2011 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या नोरा व्होल्को यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात 47 निरोगी माणसांच्या दोन्ही कानांना फोन बांधले. उजव्या कानाचा फोन 50 मिनिटं चालू ठेवला, पण आवाज बंद करून, म्हणजे ऐकण्यामुळे मेंदूत होणारा बदल मोजणीत मिसळू नये. अँटेनाच्या सर्वांत जवळच्या भागात मेंदूचा ग्लुकोज वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. मेंदूला या लहरींचा पत्ता लागतो, एवढं त्यातून निघतं. त्याने अपाय होतो की नाही हे त्या प्रयोगातून कळत नाही, आणि त्या शास्त्रज्ञांनी तसा दावाही केला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधल्या एका छोट्या अभ्यासात नेमकं उलट, ग्लुकोजचा वापर घटलेला आढळला. झ्युरिकच्या प्रयोगशाळेत झोपेआधी लहरी दिलेल्या माणसांच्या मेंदूच्या विद्युत आलेखात सूक्ष्म फरक पुन्हापुन्हा दिसला, तरी त्यांची झोप मोडली नव्हती.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. 1995 मध्ये अमेरिकेत हेन्री लाय आणि नरेंद्र सिंह यांना लहरी दिलेल्या उंदरांच्या मेंदूपेशींत डीएनएचे तुटलेले धागे सापडले. दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा ते सापडले नाहीत. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जितेंद्र बिहारी यांच्या गटानेही अशी मोडतोड नोंदवली. मग 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाचा मोठा अहवाल आला. मोठ्या जातीच्या उंदरांना रोज नऊ तास, दोन वर्षं, संपूर्ण शरीरावर, आपल्या फोनपेक्षा कितीतरी जास्त मात्रेत लहरी दिल्या होत्या. नर उंदरांच्या हृदयात कर्करोगाच्या गाठींचा स्पष्ट पुरावा मिळाला, मेंदूतल्या गाठींचा थोडा. आणि त्याच प्रयोगात लहरी मिळालेले नर उंदीर लहरी न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले! ज्याला घाबरायचं आहे तो पहिलं वाक्य उचलतो, ज्याला हसून सोडायचं आहे तो शेवटचं. दोन्ही एकाच अहवालात आहेत.

माणसांचं काय? मोबाईल येऊन तीन दशकं झाली. कोट्यवधी लोकांच्या कानाला तो रोज लागतो. मेंदूच्या कर्करोगात त्याने मोठी वाढ केली असती, तर एव्हाना ती रुग्णनोंदींत दिसायला हवी होती. 13 देशांत झालेल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचा निकाल 2010 मध्ये आला. एकूण वापरणाऱ्यांत धोका वाढलेला नव्हता. मात्र आयुष्यात 1640 तासांहून जास्त बोललेल्या वरच्या गटात ग्लायोमा जातीच्या गाठीचं प्रमाण 40 टक्के जास्त आलं. याच गटातल्या काही रुग्णांनी रोज पाच तासांहून जास्त बोलत असल्याचं सांगितलं होतं. आजारी माणूस कारण शोधताना आठवणी ताणतो हे समजण्यासारखं आहे, म्हणून या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा यावर आजही वाद आहे. पण 1640 तास म्हणजे दहा वर्षं रोज अर्धा तास. विठ्ठलवाडीहून रोज मुंबईला जाणारा माणूस एवढं तर जाता-येता बोलतो. म्हणून तो आकडा मला झटकून टाकावासा वाटला नाही.

मुख्यतः अशाच अभ्यासांच्या आधारावर 31 मे 2011 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या 2ब गटात टाकल्या. शंका आहे पण पुरावा तोकडा आहे, असा त्या गटाचा अर्थ. त्यानंतरचा पुरावा बराचसा दिलासा देणारा आहे. डेन्मार्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोकांचा मागोवा घेतला गेला, ब्रिटनमध्ये लाखो स्त्रियांचा. दोन्हीकडे मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. दहा ते 24 वयाच्या मुलांवर 14 देशांत, भारतासह, ‘मोबी-किड्स’ अभ्यास झाला, सुमारे 900 रुग्ण आणि 1,900 इतर मुलं घेऊन. तिथेही फोनमुळे गाठ होते असं आढळलं नाही. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले आणि निष्कर्ष तोच निघाला. मात्र 2025 मध्ये, याच संघटनेने करवून घेतलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आढाव्याने नर उंदरांमधल्या गाठींचा पुरावा भक्कम असल्याचं म्हटलं. कर्करोग संस्थेच्या सल्लागार गटाने हा विषय पुन्हा तपासण्याची शिफारस केली आहे. म्हणजे खटला बंद झालेला नाही, पण आरोपीला फाशी द्यावी असाही पुरावा नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळे अभ्यास ज्या लहरींबद्दल बोलतात, त्या बहुतांशी कानाला लावलेल्या फोनच्या आहेत. आपल्याकडे भीती मात्र जवळजवळ सगळी टॉवरची आहे. ही उलटापालट समजून घेतल्याशिवाय कोणताही ठराव, कोणतंही आंदोलन योग्य जागी पोचणार नाही.

लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. अंतर दहापट झालं की तीव्रता शंभराव्या भागावर येते. गच्चीवरची पट्टीसारखी अँटेना आपला झोत साधारण आडवा, किंचित खाली झुकवून टाकते. तिच्या थेट खालच्या मजल्यावर त्यातलं फार थोडं उतरतं. समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीच्या घरावर जास्त पडतं, आणि ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्या सोसायटीला भाडं मिळतं. समोरच्याला ना भाडं, ना माहिती. म्हणून मोजणी करायचीच तर ती समोरच्या घरात केली पाहिजे. फोन मात्र मेंदूपासून बोटभर अंतरावर असतो. टॉवरची शक्ती फोनहून कितीतरी मोठी असली, तरी बोलताना मेंदूला मिळणारी मात्रा मुख्यतः त्या फोनकडूनच येते.

याहून महत्त्वाची बाब फार थोड्या लोकांना ठाऊक असते. फोन आपली शक्ती सतत कमी-जास्त करत असतो. गलबल्यात समोरचा लांब असला की माणूस आवाज चढवतो, तसं टॉवर दूर असला की फोन शक्ती चढवतो. 4जी फोनची कमाल शक्ती सुमारे 0.2 वॅट. रेंज भरपूर असेल, तर तोच फोन याच्या शंभराव्या भागात काम भागवू शकतो. म्हणजे ‘टॉवर हटवा’ म्हणून मोर्चा निघाला आणि टॉवर दूर गेला, की त्याच वस्तीतल्या प्रत्येक माणसाच्या कानाजवळचा फोन जोर लावून लहरी सोडू लागतो. मुलाच्या डोक्याची काळजी म्हणून जे केलं, त्याने त्याच डोक्याला जास्त मात्रा मिळते.

लोकलचा डबा हे याचं सर्वांत जवळचं उदाहरण. धातूचं कवच, दाटून उभी माणसं, धावती गाडी, क्षणाक्षणाला बदलणारा टॉवर. संध्याकाळी बदलापूर लोकलमध्ये एक दांडी रेंजवर ‘ऐकू येतंय का?’ म्हणत फोन कानात दाबून धरणारा माणूस दिवसभरातली सर्वांत जास्त मात्रा तिथे घेत असतो. इअरफोन लावून फोन खिशात ठेवला, किंवा रेंज येईपर्यंत थांबून मेसेज केला, तर ही मात्रा एकदम खाली येते. (इअरफोन डब्यात ठीक. तो कानात ठेवून रूळ ओलांडणं हा मेंदूला कोणत्याही लहरीपेक्षा खात्रीचा धोका आहे, आणि आपल्या रेल्वेमार्गावर तो कल्पनेतला नाही.)

मग टॉवरची भीती कुठून आली? काही अंशी तिला सबळ कारण होतं. डिसेंबर 2010 मध्ये मुंबई आयआयटीचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या लहरींवर केंद्रीय दूरसंचार विभागाला अहवाल दिला. अँटेना हा त्यांचा विषय, आणि अनेक घरांसमोर झोत किती तीव्र आहे हे त्यांनी मोजून दाखवलं. मलबार हिलवर सह्याद्री अतिथिगृहावरच्या टॉवरविरुद्ध अभिनेत्री जुही चावला उभ्या राहिल्या. आंतरमंत्रालयीन समितीच्या शिफारशीवरून 1 सप्टेंबर 2012 पासून देशाने टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश स्वीकारला: 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 4.5 ऐवजी 0.45 वॅट. हे जागरूक नागरिकांचं यश होतं आणि मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. आयआयटीच्या त्या अहवालात मेंदूच्या आजारांविषयी जे निष्कर्ष होते, ते जगातले निवडक अभ्यास एकत्र करून काढले होते, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी त्यातले बरेच उचलून धरले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. न्यायालयांकडूनही वेगवेगळी उत्तरं आली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधल्या एका कर्करोगग्रस्त माणसाच्या अर्जावर जवळचा टॉवर बंद करायला सांगितलं. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 5जीविरुद्धची जुही चावला यांची याचिका 20 लाखांचा भुर्दंड लावून फेटाळली, आणि पुढच्या वर्षी तो दोन लाखांवर आणला. सामान्य माणसाने यातून काय समजायचं? तो गोंधळतो. त्याच 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या लाटेत माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत असताना, 5जीच्या चाचण्यांमुळे लोक मरतायत असा संदेश घरोघरी फिरत होता. देशात तोवर 5जीची एकही चाचणी सुरू झाली नव्हती.

ज्यांना टॉवर दिसला की डोकं दुखतं, झोप लागत नाही, त्यांची मी टिंगल करत नाही. त्यांचं दुखणं खरं असतं. लंडनमधल्या किंग्ज कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये अशा 31 प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत अशी तक्रार असलेले 725 लोक होते. लहर चालू आहे की बंद, हे त्यांना ओळखता येतं असा ठोस पुरावा मिळाला नाही, आणि लहर बंद असतानाही त्यांना तोच त्रास होत होता. म्हणजे भीतीच शरीराला आजारी करत होती. विठ्ठलवाडीतल्या एखाद्या आजीची झोप टॉवरच्या भीतीने उडत असेल, तर तिला झोपेची गोळी देण्याआधी तिच्या खिडकीत मोजलेला आकडा तिला तिच्या भाषेत दाखवला पाहिजे. मात्र तो आकडा मर्यादेबाहेरचा निघाला, तर टॉवर त्याच दिवशी दुरुस्त झाला पाहिजे.

आता आपल्याकडे येते. लहरी मोजणं महानगरपालिकेचं काम नाही, ते केंद्रीय दूरसंचार विभागाचं, हे मला माहीत आहे. मोबाईलच्या हिशेबात कल्याणचं टेलिफोन क्षेत्र मुंबई सेवाक्षेत्रात मोडतं, म्हणून हे काम विभागाच्या मुंबई कार्यालयाकडे येतं. विभागाची पथकं दरवर्षी काही टॉवरची तपासणी करतात. 2017 पासून ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळही आहे. आपल्या भागातला टॉवर त्यावर पाहता येतो, आणि 4,000 रुपये भरले तर घरी येऊन मोजणी करवून घेता येते. पण विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या किती घरांना हे माहीत आहे, आणि किती घरं त्यासाठी 4,000 रुपये काढू शकतील? मलबार हिलला मोजमाप मिळतं कारण तिथे पैसा आणि आवाज दोन्ही आहे. हे मला अन्याय्य वाटतं, आणि हा अन्याय मिटवायला फार खर्च लागत नाही.

टॉवरशी आपला संबंध नाही असं आपणांस म्हणता येणार नाही. मोबाईल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये मान्य केलं आहे. टॉवर कुठे आहे याची नोंद आपल्या दप्तरात असते. टॉवर करपात्र आहे, तर त्याच्यासमोर राहणाऱ्याला उत्तर देण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

म्हणून माझी विनंती अशी. आपण दोघांनी मिळून दूरसंचार विभागाच्या मुंबई कार्यालयाला पत्र द्या आणि विठ्ठलवाडीच्या दोन्ही बाजूंची मोजणी एकदाच, एकत्र करवून घ्या. शुल्क पालिकांनी भरावं. मोजणी गच्चीवर नको, समोरच्या घरांच्या खिडक्यांत, शाळांच्या वर्गांत, स्थानकाच्या पादचारी पुलावर करा, आणि तेव्हा वस्तीतल्या चार माणसांना शेजारी उभं करा. निघालेला आकडा, त्याच्याशेजारी देशाची मर्यादा, आणि तारीख, असा मराठीतला फलक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा. उल्हासनगरच्या बाजूला सिंधीतही लावा, तिथल्या कितीतरी घरांत तीच भाषा बोलली जाते. दरवर्षी तो बदला.

दुसरी विनंती शाळांसाठी. पालिकेच्या शाळांत वर्षातून एक तास या विषयाला द्या. फोन कानापासून दूर धरणं, एक दांडी रेंजवर लांबलचक न बोलणं, रात्री फोन उशीखाली न ठेवणं, एवढंच शिकवायचं आहे. या शेवटच्या सवयीने लहरी टळतील आणि झोपही वाचेल, आणि वाढत्या मेंदूला झोप मोडण्याने होणारं नुकसान कोणत्याही वादाशिवाय सिद्ध झालेलं आहे. कमी वयाच्या मुलांची कवटी पातळ असते आणि त्यांना हा फोन आयुष्यभर वापरायचा आहे. शंका शिल्लक असताना त्यांच्यासाठी थोडी जास्त काळजी घेणं योग्यच आहे.

मी टॉवर हटवा म्हणत नाही, आणि टॉवर निर्दोष आहे असं सांगून लोकांना गप्प बसवा असंही म्हणत नाही. मोजा आणि सांगा, एवढंच मागते. मोजणीची तारीख आपण जाहीर केलीत, तर माझ्या वर्गातली मुलं वही घेऊन तिथे हजर राहतील. त्यांना आकडे वाचता येतात. पहिली मोजणी विठ्ठलवाडी स्थानकाच्या पादचारी पुलावर करावी, ही नम्र विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, विठ्ठलवाडी